पेठेतल्या गाडीला वीज कुठून द्यायची? (सार्वजनिक ईव्ही चार्जिंग आणि महापालिका)

पेठेतला_पिंपळ

नमस्कार मंडळी. अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची, ही सोय पुणे महापालिकेत २००६ पासून आहे. आमच्या गल्लीतून दरवर्षी बाकडी, ड्रेनेजची झाकणं आणि 'येथे कचरा टाकू नये' असे फलक, याच्या पलीकडे काही जात नाही. यंदा आम्ही काही जण मिळून इलेक्ट्रिक गाड्यांच्या (ईव्ही) चार्जिंगचं लिहायचं म्हणतोय. पण नेमकं काय मागायचं यावर घरातच तीन पक्ष पडलेत, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. राज्याच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात २०२५ पर्यंतच्या सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचा कोटा शहरवार ठरवून दिला होता. मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. केंद्र सरकारच्या सूचनांत दुसरा एक हिशोब होता: शहरात ३ किमी बाय ३ किमीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक केंद्र हवं. आता नकाशा घ्या आणि हा चौकोन पुण्यावर ठेवून बघा. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, शुक्रवार, सगळं जवळपास त्यात मावतं. कुठल्यातरी कोपऱ्यात एक यंत्र उभं केलं की कागदावर अख्ख्या पेठांची सोय झाली!

आणि स्वतःचं पार्किंग नसलेली माणसं नेमकी इथेच आहेत. आमच्या वाड्यातले एक काका पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड पिशवीत घालून दोरीने खाली सोडतात. स्कूटर बोळात, चार्जर फूटबोर्डवर, त्यावर दुधाच्या पिशव्या कापून शिवलेलं आवरण. पावसाची सर आली की वरून काकूंची हाक येते, "अहो, बटण!"

माझं मत असं की मोठे फास्ट चार्जर लावायचं काम पेट्रोल पंप आणि खाजगी कंपन्यांवर सोडावं. पालिकेने गाड्या रात्री जिथे उभ्या असतात तिथे साधे, हळू चार्जिंगचे पॉइंट द्यावेत. तुम्हाला काय वाटतं? आणि जागा सुचवायच्या तर कुठल्या?

कोथिंबीर_वडी

पहिली! काकूंना नमस्कार सांगा. वाचतेय.

आडवाटेचा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येतं, फुटपाथ शोधावा लागतो, आणि पालिकेने आता लोकांच्या गाड्या चार्ज करून द्यायच्या? पेट्रोलची गाडी घेतली तेव्हा कुठल्या नगरसेवकाने पंप बांधून दिला होता? ज्याला गाडी परवडते त्याला वायरही परवडते.

म्हाळसा

@आडवाटेचा, अर्धी सहमत. फुटपाथवर चार्जर नकोच. आधीच तिथे विजेची डीपी, झाड, पानटपरी आणि 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असतात. चालायचं कुठून? पण पाण्याचं काम अडलंय म्हणून बाकीची दहा कामं थांबवा, हे पटत नाही.

फेज_न्यूट्रल

धंद्याने वीज कंत्राटदार आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी फास्ट चार्जरचा हिशोब. ६० किलोवॅटचा डीसी चार्जर चोवीस तास पूर्ण भाराने चालला तर १४४० युनिट विकेल. प्रत्यक्षात दिवसाला दोन तास चालला तर १२०, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. गाड्या येवोत न येवोत, मंजूर भाराचा स्थिर आकार दर महिन्याला बिलात येतोच. त्यामुळे चार्जर चालवणाऱ्या कंपन्या जिथे वर्दळ तिथेच यंत्र लावतात, आणि वर्दळ नसेल तर बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायची घाई करत नाहीत. याला लबाडी म्हणता येणार नाही, गणितच तसं आहे.

पालिकेच्या बाजूने बघा. सरकारी जागा दिली तर प्रतियुनिट १ रुपया वाटा घ्यावा, असं केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुचवलं. खाजगी कंपन्यांसाठी बोलीची सुरुवातही तिथूनच. १२० युनिट खपले तर दिवसाला १२० रुपये. दोन मोटारींच्या जागेचे! लक्ष्मी रस्त्यापाशी तेवढ्या जागेत पे अँड पार्क केलं तर किती सुटतील? त्यामुळे पालिकेकडून मोक्याची जागा निघत नाही, निघते ती उद्यानामागची, क्षेत्रीय कार्यालयाच्या आवारातली, रात्री कुलूप पडणारी.

आता स्कूटर. बॅटरी साधारण ३ ते ४ युनिटची, सोबतचा चार्जर ७००-८०० वॅटचा. दहा स्कूटर एकदम लावल्या तरी ८ किलोवॅट होतात, म्हणजे एका बऱ्या फ्लॅटचे दोन एसी आणि दोन गिझर. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर बदलावा लागत नाही. उलट फास्ट चार्जरचं हब केलं आणि भार १५० किलोवॅटच्या वर गेला की एचटी (उच्च दाबाची जोडणी) आली, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आला, त्याला कुंपण घालून जागा आली. पेठेत ती जागा आणायची कुठून?

सारांश, पिंपळ, तुमचं बरोबर आहे. फक्त 'साधा सॉकेट' असं लिहू नका. उघड्यावर १५ अँपिअरचा नुसता सॉकेट ठोकला तर पहिल्याच पावसात कोणाला तरी शॉक बसेल. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, झाकण, आणि मोबाइलवरून पैसे भरल्याशिवाय वीज सुरू होणार नाही असा पॉइंट हवा. हलक्या गाड्यांसाठी अशा स्वस्त एसी (घरात येते तशा विजेच्या) पॉइंटचं भारतीय मानक २०२१ मध्ये आलंय. ३ किलोवॅटपर्यंतचा पॉइंट साडेतीन हजारांच्या आत बसवायचा, असं उद्दिष्ट तेव्हा सांगितलं होतं.

कोथिंबीर_वडी

दादा, पहिल्यांदा कोणीतरी मला कळेल असं सांगितलं. स्थिर आकाराचा राग मात्र माझ्या घरच्या बिलावरही आहे.

सह्यकडा

रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना सॉकेट लावायचं काय? लंडनमध्ये तसं करतात. खांब आहेत, वीज आहे, काम झालं.

फेज_न्यूट्रल

@सह्यकडा, आपल्याकडचे पथदिवे एका फीडर पिलरवरून (रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीवरून) टायमरने सगळे एकदम चालू-बंद होतात. म्हणजे खांबातली वायर दिवसा मेलेली असते. रात्री जिवंत, पण ती दिव्यांच्या भाराच्या हिशोबाने टाकलेली. सोडियमचे जाऊन एलईडी आले त्यात खांबामागे शे-दीडशे वॅट वाचले असतील. तेवढ्यावर स्कूटर रात्रभरात अर्धीही भरणार नाही. वेगळी केबल टाकायची तर खणायचं, आणि खणायचं म्हटलं की...

आडवाटेचा

...की ते परत बुजवायचं नाही. हा आपला जुना करार आहे. :)

डचवासी

मूळचा सांगलीचा, सध्या अ‍ॅमस्टरडॅमजवळ. इथेही बहुतेकांना स्वतःचं पार्किंग नाही, त्यामुळे तुमच्या पेठांसारखाच प्रश्न होता. इथल्या पालिकांनी तो उलट्या टोकाने सोडवला. तुमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, घराला पार्किंग नाही, मग पालिकेला अर्ज करा. जवळपास आधीचा खांब नसेल किंवा तो कायम भरलेला असेल तर पालिका नवा बसवते. पुढे गाड्या वाढल्यावर अ‍ॅमस्टरडॅमने एकेका अर्जापेक्षा वापराचे आकडे बघून आधीच खांब लावायला सुरुवात केली. खांब फास्ट नाहीतच. ११ किलोवॅटच्या आसपास, दोन सॉकेट, आणि केबल प्रत्येकाने आपापली न्यायची. संध्याकाळी सगळा गाव स्वयंपाकाला लागला की काही खांबांचा वेग कमी करतात आणि रात्री वाढवतात.

आणि हो, त्या जागी चार्ज न होणारी गाडी उभी केली तर दंड. खरंच होतो.

म्हाळसा

केबल आपापली! आपल्याकडे हे बेस. सार्वजनिक केबल ठेवली तर तांब्यासाठी रात्रीत गायब होईल.

दादरचा_पोपट

मुंबईतून लिहितोय. पिंपळ म्हणतात ते थोडंफार इथे झालंय. दादरच्या कोहिनूर वाहनतळात २०२२ मध्ये चार्जिंग सुरू झालं. पालिकेचं सार्वजनिक वाहनतळ, छप्पर आहे, माणूस आहे, दिवा आहे. रस्त्यावर खणत बसण्यापेक्षा असलेली वाहनतळं धरा.

पेट्रोलच्या गाड्यांचा त्रास मात्र सगळीकडे. एका मॉलमध्ये (नाव घेत नाही) चार्जिंगच्या जागेत एक भलीमोठी डिझेल एसयूव्ही उभी. चालकाला विचारलं तर म्हणतो, "साहेब, इथे हिरवा रंग दिलाय, मला वाटलं व्हीआयपी."

रातपाळी

मी नर्स आहे, स्कूटर इलेक्ट्रिक आहे, आणि ड्युटी रात्री संपते. या धाग्यावर किलोवॅट खूप झाले, म्हणून वेगळं लिहिते. नकाशावर हिरवा ठिपका दिसतो म्हणून एकदा एका शहरातल्या (पुणे नाही) उद्यानामागच्या चार्जरवर गेले. दिवा बंद. भिंतीला टेकून तिघे-चौघे बसलेले. यंत्राचा पडदा चालू, पण ते अ‍ॅप उघड म्हणतं, अ‍ॅप ओटीपी मागतं, आणि त्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज नाही. गाडी वळवली आणि आठ टक्क्यांवर घरी आले, हळूहळू.

जागा सुचवाल तेव्हा 'रात्री अकराला एकटी बाई इथे अर्धा तास उभी राहील का' हा प्रश्न अर्जात लिहाच. जवळ मेडिकल, चहाची गाडी, पोलीस चौकी, काहीतरी उघडं हवं. स्वच्छतागृह असेल तर दुधात साखर, पण तेवढी आशा मी सोडलीय.

पेठेतला_पिंपळ

@रातपाळी, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. अर्जात पहिल्या ओळीत घालतो.

चाक_तीन

रिक्षावाल्यांचं कोणी बोलणार की नाही? आमच्या स्टँडवर आता इलेक्ट्रिक रिक्षा दिसायला लागल्यात. सरकारने बायकांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली: २० टक्के सरकार, ७० टक्के कर्ज, १० टक्के स्वतः. चांगली योजना आहे. पण ज्या ताईंना रिक्षा मिळाली त्या राहतात वस्तीत, रिक्षा उभी राहते रस्त्यावर. चार्जिंग कुठे करायचं? मोटारवाल्याने एक दिवस चार्ज नाही केलं तर तो बसने ऑफिसला जाईल. रिक्षा चार्ज नाही झाली तर त्या दिवशी चूल कशी पेटायची आणि हप्ता कसा भरायचा?

स्टँडवर दोन पॉइंट द्या. दुपारी भाडं कमी असतं, दोन तास गाडी उभीच असते. तेवढ्यात संध्याकाळची सोय होते. आणि आम्ही तिथे बसलेलो असतो, केबल कोण चोरतो बघू.

फेज_न्यूट्रल

@चाक_तीन, +१. आतापर्यंत इथे आलेल्या जागांपेक्षा ही सूचना सरस आहे. राखण फुकट आणि वापर ठरलेला. चार्जर चालवणाऱ्या कुठल्याही कंपनीला हेच हवं असतं.

आडवाटेचा

रिक्षांसाठी असेल तर माझा विरोध मागे. पण मग बसलाच द्या ना पैसा. पीएमपीएमएलने (पुण्याच्या बससेवेने) २०१९ मध्ये इलेक्ट्रिक बस आणल्या, भेकराईनगर डेपोत त्यांच्या चार्जिंगची सोय केली. एका बसमध्ये साठ माणसं जातात, एका एसयूव्हीत एक.

म्हाळसा

अनुमोदन. बस हे पहिलं, रिक्षा दुसरं, स्कूटर तिसरं, मोटार शेवटी. पण हे काम सुचवण्याच्या अर्जातून बसच्या डेपोला पैसे जाणार नाहीत. तो अर्ज गल्लीपुरताच असतो.

किनाऱ्यावरचा

अवांतर: गणपतीत कोकणात इलेक्ट्रिक गाडीने आलेल्या पाहुण्यांचे हाल बघितलेत का कोणी? हॉटेलच्या आवारात एक चार्जर, सात गाड्या, आणि नंबर लावायला वही. वहीत कोणीतरी 'मुंबई पार्टी, अर्जंट' असं लिहून पुढे घुसलं होतं. त्यावरून जे भांडण झालं त्यात आरतीची वेळ टळली.

सह्यकडा

मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या राज्य धोरणात महामार्गांवर दर २५ किमीला चार्जिंगचं म्हटलंय. समृद्धी, अटल सेतू आणि द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफीही त्यातलीच. म्हणजे लांब जाणाऱ्याची काळजी भरपूर, गल्लीतल्याची कमी.

किनाऱ्यावरचा

लांब जाणाऱ्याची काळजी वहीपर्यंत पोचलेली नाही अजून. बाकी चालू द्या.

सोसायटी_सेक्रेटरी

कोथरूडकर आहे. पेठा पेठा ऐकून थोडा हेवा वाटला. आमच्याकडे पार्किंग आहे आणि तरी वर्षभर भांडण चाललंय. तीन सभासदांना चार्जर हवेत, बाकीचे म्हणतात आग लागेल, मीटरचा भार वाढेल, लिफ्ट बंद पडेल. एका आजोबांचं म्हणणं, गाडी चार्ज होताना वर त्यांच्या खोलीत 'करंट जाणवतो'.

फेज_न्यूट्रल

आजोबांना साष्टांग. पण कायदा तुमच्या सभासदांच्या बाजूने आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागता येते. नव्या जोडणीची मुदतही महानगरांत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आणली, इतर नगरपालिका क्षेत्रांत पंधरावरून सातवर. वेगळं मीटर घेतलं की सोसायटीच्या सामाईक बिलाचा वादच राहत नाही. आगीची काळजी मात्र थट्टेवारी नेऊ नका. तळघरात लोंबती एक्स्टेंशन वायर हा खरा धोका. रीतसर जोडणी दिली तरच तो टळेल.

दादरचा_पोपट

नव्या इमारतींत तर पार्किंगच्या २० टक्के जागा चार्जिंगसाठी तयार ठेवाव्यात, असं केंद्राच्या नमुना नियमांत २०१९ पासून आहे. राज्याच्या २०२१ च्या धोरणातही आहे. बिल्डर पाइप टाकतो, त्यात वायर नसते. ताबा घेताना पाइपात टॉर्च मारून बघा.

कुजबुज

आणि वीज कोळशाचीच ना शेवटी? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोथिंबीर_वडी

त्यासाठी वेगळा धागा काढा हो, इथे आधीच आजोबांना करंट लागलाय.

पेठेतला_पिंपळ

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे वळतो. काल आम्ही फिरून जागा बघितल्या. यादी अशी:

नारायण पेठेतलं हमालवाडा वाहनतळ, तळमजला. मंडईतलं बाबू गेनू वाहनतळ. आमच्या चौकातला रिक्षा स्टँड (चाक_तीन यांचं ऐकून). आणि नदीपात्रातली पार्किंगची मोकळी जागा, तिथे भरपूर जागा आहे.

वाहनतळांत रात्री दहा ते सकाळी सात असा वेगळा पास ठेवावा, म्हणजे दिवसा खरेदीला येणाऱ्यांची जागा अडणार नाही आणि रात्री रिकाम्या मजल्यावर आमच्या स्कूटर चार्ज होतील.

म्हाळसा

रात्रीचा पास ही झकास कल्पना. नदीपात्र मात्र खोडा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल, रस्ता आणि तुमचा चार्जर एकदमच पाण्याखाली जातील.

फेज_न्यूट्रल

नदीपात्र खोडलंत तर बाकीचं ठीक. अर्जात प्रत्येक जागेपुढे जवळचा फीडर पिलर किंवा डीपी किती मीटरवर आहे ते लिहा, त्यावर रंगवलेल्या नंबरचा फोटो जोडा. महावितरणकडे चौकशी गेली की पहिला प्रश्न तोच असतो, आणि उत्तर नसेल तर फाइल तिथेच झोपते. शिवाय 'चार्जिंग स्टेशन' असं मोघम लिहू नका. 'दुचाकी व तीनचाकीसाठी प्रत्येकी ३.३ किलोवॅटचे आठ एसी पॉइंट, एकूण भार सुमारे २६ किलोवॅट' असं लिहा. आणि देखभाल कोणाकडे, यंत्र किती तासांत दुरुस्त व्हायला हवं, नाही झालं तर दंड किती, ही अट टेंडरमध्ये घालावी अशी एक ओळ. लावायला सगळे पुढे असतात, सहा महिन्यांनी फोन उचलायला कोणी नसतं.

डचवासी

जागेवर आखलेली रेघ आणि 'फक्त चार्जिंग चालू असताना' असा फलकही मागा. चार्ज पूर्ण झाल्यावर गाडी तशीच ठेवणाऱ्यालाही आकार हवा, नाहीतर आठ पॉइंट म्हणजे आठ जणांचं कायमचं पार्किंग होईल.

रातपाळी

आणि दिवा.

पेठेतला_पिंपळ

दिवा लिहिलाय, ताई. सगळं टिपून घेतलं. शनिवारी अर्ज देतोय. मंडळातल्या पोरांनी सह्या गोळा करायचं कबूल केलंय.

सदाशिव_पेठी

सगळा धागा वाचला. एक राहिलं. तुमच्या चौकातल्या रिक्षा स्टँडवर दरवर्षी गणपतीचा मांडव पडतो. पंधरा दिवस आधी वासे येतात, आणि विसर्जनानंतर आठवडाभर ते तिथेच असतात. पॉइंट मांडवाच्या आत गेला तर रिक्षा लावायच्या कुठे? आणि रोषणाईसाठी त्याच पॉइंटवरून वीज ओढली गेली तर बिल कोण भरणार? ज्या पोरांच्या सह्या घेताय त्यांनाच आधी विचारा. स्टँड पलीकडच्या भिंतीला सरकवता येईल, तिथे मांडव येत नाही.

चाक_तीन

काका बरोबर बोलले. पण पलीकडच्या भिंतीला दुपारी ऊन येतं. पत्र्याची शेडही लिहा अर्जात.